ट्विन एसयूवाल्या हेराल्डची घुसमट : नट कितीही फिरवा, वरच्या रेसला इंजिन कोरडंच

हेराल्ड_दादर · शनिवार रात्री

मंडळी, लिखाण लांबणार आहे. पण अर्धवट माहिती देऊन तुम्हाला कोड्यात टाकायचं नाही, म्हणून सगळं सांगतो.

गाडी १९६८ ची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनलेली, मूळची ९४८ सीसी. १९७९ मध्ये बाबांनी तिच्यात ट्रायम्फ स्पिटफायरचं ११४७ सीसी इंजिन बसवलं. इंजिन नंबर एफसीने सुरू होतो. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे फार तोडफोड करावी लागली नाही. इंजिनाबरोबर सव्वा इंची एसयू एचएस२ कार्बोरेटरची (एसयू ही ब्रिटिश बनावट) जोडी आली आणि आमच्या शांत हेराल्डचा स्वभावच बदलला. स्पिटफायरमध्ये हे इंजिन कारखान्यातून ६३ हॉर्सपॉवर द्यायचं. मी लहान असताना पेडर रोडचा चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, तो आवाज अजून कानात आहे.

बाबा गेल्यावर चार वर्षं ती हिंदू कॉलनीतल्या गॅरेजात उभी होती. गेल्या वर्षी इंजिन पूर्ण खोललं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन आहेत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं आहे. कार्बोरेटर एका गॅरेजमध्ये धुवायला दिले होते.

तक्रार अशी : आयडलिंग ठीक होतं. पण ३,००० आरपीएमच्या वर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी ओढत नाही, घुसमटते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फट्‌फट्‌ असा आवाज येतो. मिश्रण कोरडं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असेल म्हणून मी दोन्ही जेटचे (पेट्रोल येतं त्या नळीचे) नट थोडे थोडे करत पाच फ्लॅट (षटकोनी नटाच्या पाच बाजू) खाली घेतले. आता आयडलला पेट्रोलचा वास येतो, प्लग काजळीने भरतात आणि वरची फटफट जशीच्या तशी. परवा ईस्टर्न फ्रीवेवर एका टेम्पोला ओव्हरटेक करताना गाडीने अंग चोरलं, तेव्हा खरंच भीती वाटली. पुढे काय करू?

घाटकोपर_पद्मिनी · शनिवार रात्री

पेट्रोल पोचतंय का ते आधी बघा. पंपाचा डायफ्रॅम जुना असेल तर आयडलला पुरतं, वर गेल्यावर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी, रिकामा होतो. पंपातून येणारी नळी बाटलीत सोडून क्रँक मारून बघा, जाड धार यायला हवी. जवळ कुणी विडी-सिगरेट ओढत नाही ना, ते मात्र बघा.

फिटर_लालबाग · रविवार सकाळी

बाळा, पहिलं काम : नट जिथे होते तिथे परत घे. दोन्ही जेट ब्रिजच्या, म्हणजे जेटच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्याच्या, पातळीत आण आणि तिथून पूर्ण दोन फेरे खाली, म्हणजे बारा फ्लॅट. ही सुरुवातीची जागा. आणि आता दोन आठवडे कार्बोरेटरला हात लावायचा नाही.

मी चाळीस वर्षं याच कामात होतो. आमच्याकडे "कार्बोरेटर खराब आहे" म्हणून ज्या गाड्या यायच्या, त्यातल्या बहुतेकींचा दोष कार्बोरेटरच्या बाहेरच सापडायचा. कार्बोरेटरला बाहेरून दिसणारे स्क्रू आहेत, म्हणून जो तो तेच फिरवतो. डिस्ट्रिब्युटर उघडावा लागतो, टॅपेट कव्हर काढावं लागतं, म्हणून ते राहून जातं.

तर क्रम हा. इंजिन गार असताना टॅपेटची फट, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पॉइंट पंधरा थाऊ, प्लग पंचवीस. मग टायमिंग लाइट लाव. आयडलला खूण कुठे आहे ते बघ आणि ३,००० पर्यंत रेस देऊन खूण पुढे सरकते का ते बघ. चार वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधली वजनं ग्रीस वाळून हमखास चिकटतात. ॲडव्हान्स, म्हणजे रेसबरोबर ठिणगी लवकर पडणं, मिळाला नाही की इंजिन वर मरतं, आणि बोट दाखवलं जातं कार्बोरेटरकडे.

त्यानंतर हवा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना आयडल चालू असताना डब्ल्यूडी-४० चा फवारा दे. रेस बदलली तर तिथून हवा खेचतंय. दांडा हाताने वरखाली हलवून बघ. एसयूच्या बॉडीत दांडा थेट ॲल्युमिनियममध्ये फिरतो, पन्नास वर्षांत भोक लांबट होतं. त्या चोरट्या हवेवर कुठलाही नट उपाय नाही.

हे सगळं करून मग लिही. घाई नको.

रसायनी · रविवार दुपारी

काकांचा क्रम पाळाच. पण एक गोष्ट आत्ताच मांडून ठेवते, कारण लक्षणं वाचून मला तिचा दाट संशय येतोय. मी इंधनाच्या क्षेत्रात काम करते.

तुमच्या बाबांनी १९७९ मध्ये गाडी जुळवली ती शुद्ध पेट्रोलवर. आज पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे आकारमानाने वीस टक्के इथेनॉल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. मिसळून हिशोब केला तर ई२० ला साडेतेरा किलो पुरते. तुमच्या सुया आणि जेट आजही १४.७ च्या बेतानेच माप टाकतात. म्हणजे काहीही न बिघडता गाडी सात-आठ टक्के कोरडी झाली. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही कसर भरून काढतो. एसयूला तसं कुणी सांगणारं नाही.

आता नट फिरवून ही कसर का भरत नाही ते बघा. एसयूमध्ये जेट एकच, नव्वद थाऊचा. त्यात निमुळती सुई वरखाली होते. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो, सुई त्याच्याबरोबर वर येते, आणि सुई-जेटमधली फट मोठी होते. आयडलला ही फट अगदी चिंचोळी असते. पूर्ण दाबल्यावर ती चार-पाच पट होते. नट खाली घेतला की सुईच्या सगळ्या लांबीवर फट साधारण तेवढ्याच थाऊने वाढते. चिंचोळ्या फटीत ती वाढ मोठी, रुंद फटीत नगण्य. म्हणून आयडलला काजळी आणि वर दुष्काळ. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच.

हेराल्ड_दादर · रविवार रात्री

रसायनीताई, हे वाचून पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. काका, नट परत घेतले. पंपाची धार चांगली आहे. बाकीचं या आठवड्यात करतो.

घाटकोपर_पद्मिनी · सोमवार

म्हणजे सोलेक्स कार्बोरेटरवाले आम्ही सुखी म्हणायचे, आमचा जेट सरळ बदलता येतो. माझ्या पद्मिनीत मेन जेट १२० चा होता, १२५ चा टाकला, गाडी जागेवर आली. जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, त्यामुळे १२० चा १२५ केला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हिशोब बरोबर आला बघा.

पण हे जेट मिळवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तीन खेपा घातल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर नाक्यानाक्यावरचे सोलेक्स जाणणारे हातही गेले. पूर्वी टॅक्सीवाल्याच्या डिकीत जेटची डबी असायची. फार वाईट वाटतं.

हेराल्ड_दादर · पुढचा शनिवार

काका, तुमचे शब्द खरे ठरले. टॅपेटमध्ये दोन सैल होते. आणि टायमिंगची खूण रेस दिल्यावर जेमतेम चार अंश सरकत होती. डिस्ट्रिब्युटर उघडला तर आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट, एक वजन जागचं हलत नव्हतं. रॉकेलने धुतलं, हलकं तेल दिलं, आता खूण व्यवस्थित पुढे जाते. दुसऱ्या-तिसऱ्यातली ओढ परत आली!

फवाऱ्याने मागच्या कार्बोरेटरच्या दांड्यापाशी आयडल लगेच बदललं. दांड्यात खेळ आहे, हाताला जाणवतो.

चौथ्यातली फटफट कमी झाली आहे, गेलेली नाही.

फिटर_लालबाग · शनिवार रात्री

आता कार्बोरेटर काढ. दोन्ही बॉडींना बुश मारून घे, दांडे नवीन टाक. चांगल्या लेथवाल्याकडेच दे. भोक जुन्या रेषेतच रीम झालं पाहिजे, नाहीतर फुलपाखरू (थ्रॉटलची चकती) नीट बंद होणार नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. धुवायला दिले तेव्हा दोन्ही कार्बोरेटर एकत्र खोलले होते का? एसयूचा पिस्टन आणि त्यावरची घुमटी ही जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवून दिलेली असते. याचा पिस्टन त्याच्या घुमटीत गेला की दोन्ही वेगवेगळे उचलले जातात. वरचा डॅम्पर (तेलात बुडणारा दट्ट्या) काढून, पिस्टनची भोकं बुजवून, घुमटी उलटी धर आणि ती किती वेळात सरकते ते घड्याळावर मोज. दोन्हींना सारखा वेळ लागला पाहिजे.

हेराल्ड_दादर · सोमवार

एकाला चार सेकंद, दुसरी दीड सेकंदात खाली. अदलाबदल करून पाहिली, आता दोन्ही जवळपास साडेतीन. वर्षभर मी चुकीची जोडी घेऊन फिरत होतो.

फिटर_लालबाग · सोमवार

हे प्रत्येकाने लक्षात ठेवा. धुवायला देताना दोन वेगळ्या डब्यांत द्या आणि डब्यांवर खडूने पुढचा-मागचा लिहा.

आता जोडताना : नवीन जेट टाक, जुना अंडाकृती झालेला असतो. जेट मध्यावर बसव. पिस्टन बोटाने उचलून सोडला की ब्रिजवर "टक्‌" असा धातूचा आवाज आला पाहिजे, आणि तो दोन्हींचा सारखा. फ्लोटची फट एक सूत ते दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). घुमटीत वीस नंबरचं तेल, इंजिनातलं जाड तेल नको. डॅम्पर बसवताना टोपी पाव इंच वर असतानाच हाताला विरोध जाणवला पाहिजे. तेल पातळ झालं किंवा संपलं तर ॲक्सिलरेटर झटकन दाबला की गाडी क्षणभर अडखळते, कारण पिस्टन वेळेआधी उडतो आणि त्या क्षणी मिश्रण कोरडं पडतं.

पुणे_वाइडबँड · मंगळवार

माझ्याकडे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आहे. एक्झॉस्टच्या डाउनपाइपला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची खोबण) वेल्ड करून घ्या, पुढच्या रविवारी मी मुंबईत येतोय, मीटर घेऊन येतो. अंदाज करण्यापेक्षा आकडा बरा.

एक सूचना : मीटर हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा पेट्रोलच्या हिशोबाने दाखवतो, पण सेन्सर मोजतो तो लॅम्डा, म्हणजे लागते त्याच्या किती पट हवा आहे ते. म्हणून ई२० वरही मीटरवर १४.७ दिसलं तर मिश्रण बरोबर बरोबरीत आहे असंच समजा. साडेतेराचा हिशोब मीटरवर लावू नका, नाहीतर दुहेरी चूक होईल. पूर्ण दाबल्यावर साडेबारा ते तेरा दिसायला हवं.

हेराल्ड_दादर · दोन आठवड्यांनी, रविवार

मंडळी, आज पहाटे साडेपाचला निघालो. पुण्याचे मित्र शेजारी मीटर घेऊन. बुश, दांडे, जेट नवीन. दोन्ही कार्बोरेटर रबरी नळी कानाला लावून जुळवले, "स्‌स्‌" असा आवाज दोन्हीकडे सारखा. पिस्टन पाव सूत उचलून पाहिला : रेस क्षणभर वाढते आणि जागेवर येते. काका म्हणाले होते तसंच. वाढतच राहिली तर मिश्रण जाड, इंजिन मरायला लागलं तर कोरडं.

आकडे असे. आयडलला १३.५. साठच्या वेगाने सरळ चालवताना १४.५. चौथ्यात ३,५०० ला पूर्ण दाबल्यावर १४.२. आणि हा चारही सिलिंडरचा सरासरी आकडा, म्हणजे एखादा सिलिंडर त्याहूनही कोरडा असणार.

इग्निशन बरोबर, हवा खेचणं बंद, दोन्ही कार्बोरेटर सारखे. उरली ती सुई. ताई, तुमचा संशय खरा निघाला.

रसायनी · रविवार दुपारी

आता सुई मोजा. एसयूच्या सुईचा व्यास दर एक अष्टमांश इंचाला दिलेला असतो.

फिटर_लालबाग · रविवार दुपारी

म्हणजे दर एका सुतावर! आमच्या लेथवाल्याला असं सांगितलं की त्याला लगेच कळतं.

हेराल्ड_दादर · बुधवार

मायक्रोमीटरने मोजली. सुईच्या खांद्यापासून दुसऱ्या सुतावर ८५ थाऊ, पाचव्यावर ७६, नवव्यावर ६४. दोन्ही सुया सारख्या.

रसायनी · बुधवार रात्री

हिशोब करून बघितला. दुसऱ्या सुतावरच्या फटीपेक्षा नवव्या सुतावरची फट साडेचार पट. नटाने जेट सुताचा फक्त आठवा भाग खाली नेला तरी दुसऱ्या सुतावर पेट्रोल सात टक्क्यांनी वाढतं, नवव्यावर सव्वा टक्क्याने. पाच फ्लॅट फिरवूनही वर काही का झालं नाही, ते या दोन आकड्यांत आहे.

तुम्हाला १४.२ वरून १३ वर यायचंय, म्हणजे नऊ टक्के जास्त पेट्रोल. त्यासाठी पाचव्या सुतावर व्यास जवळजवळ दीड थाऊने कमी हवा आणि नवव्यावर जवळजवळ तीन थाऊने. पहिल्या दोन सुतांना हात लावू नका, तिथलं नट सांभाळेल.

फिटर_लालबाग · गुरुवार

मॅन्युअलमध्ये प्रत्येक इंजिनाला स्टँडर्ड, रिच आणि वीक अशा सुया दिलेल्या असतात. रिच सुई मागवता आली तर पहिला मार्ग तो. बाहेरून यायला वेळ लागेल, पैसेही जातील.

दुसरा मार्ग आमचा जुना. सुई ड्रिलच्या चकमध्ये हलकी धरायची, हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून बोटाच्या चिमटीत, आणि हळू फिरवत घासायचं. पाच-सात सेकंद घासलं की थांबून मायक्रोमीटर. काढलेला धातू परत येत नाही, म्हणून ठरवलं त्याच्या निम्मंच काढायचं, गाडी चालवून बघायचं, मग उरलेलं. दोन्ही सुया एकाच बैठकीत. आणि मूळच्या सुया घासायच्या नाहीत. जुन्या-पान्या दोन मिळव, चोर बाजारात एसयूचे मोडके कार्बोरेटर अजून दिसतात.

लालबागला ये. माझा हात आता थरथरतो, पण शेजारी बसून सांगेन.

हेराल्ड_दादर · पुढच्या महिन्यात, रविवार

उशीर झाला, कारण योग्य सुया मिळायला वेळ गेला. चोर बाजारात तीन आठवडे फिरून एक गंजलेली जोडी मिळाली, सुया मात्र शाबूत होत्या आणि त्यांच्यावर कोरलेली अक्षरंही माझ्या सुयांचीच.

मागच्या शनिवारी काकांच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही चार तास काम केलं. काकूंनी मधे दोनदा चहा आणि एकदा थालीपीठ दिलं. काकांनी सुई उजेडात धरून नुसत्या नजरेने सांगितलं, "सहाव्या सुतावर खांदा राहिलाय." मायक्रोमीटर लावला तर खरंच तिथे अर्धा थाऊ जास्त होता. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

निम्मं घासून रविवारी मीटर लावला : १३.६. दुसऱ्या बैठकीनंतर आज पहाटे : ३,५०० ला १३.०, ४,५०० ला १२.९. आयडल १३.६, नट फक्त एक फ्लॅट हलवला. तोंडातली फटफट पूर्ण बंद. पाच हजारांपर्यंत गाडी एकसारखी ओढते. परत येताना मुद्दाम पेडर रोडने आलो. तिसऱ्यात.

प्लग काढून पाहिले, चारही खारी बिस्किटाच्या रंगाचे.

घाटकोपर_पद्मिनी · रविवार

फार फार आनंद झाला. दादरला येतो एकदा, आवाज ऐकायला.

रसायनी · रविवार रात्री

अभिनंदन! दोन कामं राहिलीत, तीही करून टाका. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदला, इथेनॉलने त्या आतून सुटतात आणि भुगा फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. आर९ छापाची नळी घ्या. आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं आणि जेटमध्ये पहिल्यांदा तेच जातं. टाकी अर्धवट भरून ठेवू नका, वरची हवा जितकी कमी तितकं पाणी कमी.

फिटर_लालबाग · सोमवार सकाळी

नवीन मापं सगळ्या सुतांची लिहून ठेवलीस ना? मूळच्या सुया तेलाच्या कागदात गुंडाळून त्याच्याबरोबर ठेव.

हेराल्ड_दादर · सोमवार रात्री

लिहिली, काका. बाबांची गाडीची वही आहे, त्यात १९७९ च्या पानावर त्यांनी पेन्सिलीने "पुढचा बारा, मागचा अकरा फ्लॅट" असं लिहून ठेवलंय. त्याच पानाच्या मागच्या बाजूला तेरा सुतांची मापं लिहिली आणि मूळच्या सुया तिथेच पाकिटात घालून चिकटवल्या. नळ्या उद्या घ्यायला जातोय.